जात्यावरची ओवी जुळवायची कशी

मराठवाड्यात लग्नाच्या हळदीला आजही जातं बाहेर निघतं, पण ओव्या येणाऱ्या बायका हळदीपुरत्याच दोन-चार म्हणतात. रोजच्या दळणाच्या ओव्यांत खरी श्रीमंती आहे: चूल, गोठा, भाऊ, लेकरू, पाऊस.

ओवीत दोन ओळी. प्रत्येक ओळ मध्ये तुटते, साधारण आठ-आठ अक्षरांवर. यमक दोन्ही ओळींच्या शेवटी. समजावण्यापुरती एक रचून दाखवते:

ज्वारीचं पीठ पांढरं, काटवटीत माईना
ऊन भाकर सोडून, लेक शाळेला जाईना

(काटवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात.) पहिल्या ओळीत हाताखालची वस्तू, दुसऱ्या ओळीत माणूस. नव्याने रचणारे हे उलटं करतात, आधी 'सुख', 'समाधान', 'माया' असे शब्द घेतात आणि मग त्याला यमक शोधतात. ती ओवी राहत नाही, सुविचार होतो. सुख काटवटीतच दिसलं पाहिजे.

गाताना अक्षरं मोजत बसू नये. 'बाई', 'गं', 'सांगते' ही भर घालून ओळ ओढायची, जात्याच्या फेऱ्याला बसेपर्यंत: 'ज्वारीचं गं पीठ पांढरं बाई, काटवटीत गं माईना'. उत्तरार्ध पुन्हा घ्यायचा, तेवढ्यात पुढची ओळ आठवते. चालीला बायका 'गळा' म्हणतात. एकाच गळ्यावर शंभर ओव्या चालतात, म्हणून गळा आधी पक्का करा. सिनेमाच्या गाण्याची चाल लावली की वेग वाढतो, दम लागतो आणि पीठ जाडंभरडं पडतं. पेटी-तबल्याची तर गरजच नाही, ठेका दगडच देतो.

त्यासाठी जातं नीट चाललं पाहिजे. घास, म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायचे दाणे, मुठीने थोडा थोडा टाकायचा. जास्त टाकला तर भरडा निघतो. कमी टाकला, किंवा नुसत्या गाण्यासाठी रिकामं फिरवलं, तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. जात्याचे दात गुळगुळीत झाले असतील तर आधी टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगड टोचून खरखरीत करून घ्या. टाकी लावल्यावर पहिलं मूठ-दोन मूठ दळण टाकून द्यायचं, त्यात दगडाची भुकटी असते.

मोबाईलवर रेकॉर्ड करणार असाल तर फोन जमिनीवर ठेवू नका, घरघर थेट त्यात उतरते. घडी केलेल्या गोधडीवर, खुंट्यापासून लांब, गाणारीच्या तोंडाच्या बाजूला ठेवा. विमान मोड लावा, पंखा बंद करा. आधी परवानगी घ्या, मग नाव, गाव आणि ओवी कुणाकडून आली ते तिच्याच आवाजात घ्या. लिहून काढताना 'माईना'चं 'मावत नाही' करू नका. भाषा सुधारली की यमक गेलं आणि गावही गेलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे तिथे ऐकाच. माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या ऐकताना शब्दांआधी श्वासाकडे लक्ष द्या: ओळ कुठे तुटते, भर कुठे पडते. गळा तिथूनच उचलता येतो.