काटा सहावर

साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात विद्युत अभियंता असताना, एका गळीत हंगामाच्या तोंडावरचा हा अनुभव आहे. बॉयलर पेटला होता, गव्हाणीपाशी उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि ११ केव्हीचा जनरेटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर स्थिरावला होता. ग्रिडशी जोडण्यासाठी फक्त ब्रेकर, म्हणजे जोडणीचा मोठा स्विच, लावायचा बाकी होता. जनरेटर आणि ग्रिड यांचा ताल जुळला की नाही, ते सिंक्रोस्कोप या उपकरणाचा काटा दाखवतो; घड्याळाप्रमाणे तो बारावर आला की दोन्ही जुळले.

"साहेब, दोन्हीकडे व्होल्टेज सारखे, फ्रिक्वेन्सी ५०, काटाही संथ फिरतोय. आता कशाची वाट पाहायची?" ऑपरेटरने विचारले. त्याचे चुकत नव्हते. मला मात्र पॅनेलमागच्या टर्मिनल पट्टीवर काही कोरी फेरूल, म्हणजे तारांवरची क्रमांकाची वेष्टने, दिसली होती. ऑफ सीझनमध्ये कोणीतरी तिथल्या तारा बदलल्या होत्या आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

सिंक्रोस्कोपला बसबार (ग्रिडकडची बाजू) आणि जनरेटर या दोन्ही बाजूंच्या पीटीकडून, म्हणजे मोजमापासाठी व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून, व्होल्टेज मिळते. त्यांतल्या एका जोडीच्या तारा उलट झाल्या, तर व्होल्टमीटर काहीच सांगत नाही, पण काट्यावर १८० अंशांचा फरक पडतो. काटा बारावर असताना ब्रेकर लावला, तर फरकाचे व्होल्टेज दुप्पट होते आणि विंडिंगवरचे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शाफ्ट आणि कपलिंगची काय गत होईल, याचा विचारही नकोसा होतो. चुकीच्या वेळी ब्रेकर लागू नये म्हणून बसवलेला सिंक-चेक रिलेही त्याच तारांवर होता, म्हणजे राखणदारालाच उलटे दिसत होते.

मी टर्बाइन थांबवायला सांगितले. वरिष्ठांची नाराजी ओढवली, ती रास्तच होती. जनरेटरच्या टोकांच्या लिंक खोलून मशीन वेगळे केले आणि बसबारकडून ब्रेकर लावून दोन्ही पीटींना एकाच ग्रिडचा पुरवठा दिला. आता काटा बारावर स्थिर राहायला हवा होता. तो सहावर जाऊन थांबला. कंट्रोल रूममध्ये कोणी काही बोलले नाही.

दोन तारांची अदलाबदल पाच मिनिटांत झाली. लिंक खोलण्या-बसवण्यात मात्र रात्र गेली. पहाटे टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर जरा वाढवून काटा घड्याळाच्या दिशेने संथ ठेवला, दहा-बारा सेकंदांत एक फेरी. ब्रेकर लागायला क्षणभर वेळ घेतो, म्हणून काटा बाराच्या किंचित आधी असतानाच ऑपरेटरने स्विच फिरवला. धक्का जाणवलाच नाही. ब्रेकरचा खट्ट आवाज झाला आणि मेगावॉटचा काटा शून्यावरून जेमतेम हलला.