‘घाटच मला चढतो’

पुण्याहून सासवडला जाणारी पालखीची वाट सुमारे ३० किलोमीटरची आहे. आळंदी ते पंढरपूर या प्रवासात एका दिवसात एवढी मोठी मजल दुसरी नाही. वडकी मागे पडून दिवे घाट समोर आला आणि माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जाऊ लागल्या, तेव्हा मी माझ्या शाळासोबत्याच्याच दिंडीत, तो ज्या ओळीत चालत असे त्याच ओळीत चालत होतो. तो मार्गशीर्षात गेला.

१९७८ साली आम्ही दहावीला एका बाकावर बसत होतो. सहामाही परीक्षेत, सहलीसाठी पैसे मागणारे पत्र वडिलांना लिहा, असा प्रश्न आला. त्याने नीटनेटके पत्र लिहिले आणि वेळ उरला म्हणून खाली वडिलांचे उत्तरही लिहून टाकले : ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. पैसे पोचणार नाहीत.’ मराठीच्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्या उत्तराला त्यांनी एक गुण वेगळा दिला. त्याच्या घरची परिस्थिती त्यांना ठाऊक होती. आम्हाला ती फार उशिरा समजली.

पुढे तो एका जागी कधी टिकला नाही. पतपेढीतली नोकरी सोडून त्याने काही वर्षे टेम्पो चालवला, मग बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचे काम शिकला आणि त्यात रमला. घड्याळ त्याने आयुष्यात वापरले नाही, पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला, माउलींच्या प्रस्थानाच्या दिवशी, तो आळंदीत हजर असे. गळ्यात माळ मात्र नव्हती. ‘माळ घातली की नियम येतात, आणि नियम आले की मला सुट्टी हवीशी वाटते,’ असे तो विणेकरीबुवांनाही सांगे, आणि बुवा ते प्रेमाने ऐकून घेत.

दरवर्षी तो मला बोलावी आणि दरवर्षी मी कार्यालयातल्या कामाचे कारण सांगे. दोन वर्षांपूर्वी सासवडहून त्याचा फोन आला. ‘अरे, दिवे घाट आता मी चढत नाही, घाटच मला चढतो,’ तो म्हणाला. मी खूप हसलो. बोलताना तो मध्येच थांबत होता, त्याला धाप लागली होती, हे मला स्पष्ट ऐकू येत होते, आणि तरीही मी त्याला काही विचारले नाही. त्याचे हृदय तेव्हाच थकले होते, हे वहिनींनी मला तो गेल्यावर सांगितले.

घाटात पावसाची भुरभुर सुरू झाली. खाली मस्तानी तलाव, मागे नागमोडी वळणांवर भगव्या पताकांची न संपणारी रांग. मी कठड्याशी थांबलो, तेव्हा दिंडीतल्या एका वयस्क वारकऱ्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाले, ‘तुमचा मित्र इथंच थांबायचा, माउली. आम्हा चार-पाच जणांना कडेला घ्यायचा, एक गोष्ट सांगायचा, हसवायचा, मग निघायचा. आता कळतंय, त्याला दम खायचा असायचा.’

सासवडच्या तळावर पालखी पोचली. दिंड्या भोवती उभ्या राहिल्या, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेला, चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढा मोठा समाज क्षणात शांत झाला. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असते, ती चोप वर गेल्यावरही टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याजवळ जाऊन ते ऐकून घेतात आणि त्यानंतरच आरती होते. ही रीत मला त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितली होती. त्या संध्याकाळी डाव्या अंगाच्या एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. चोपदार गर्दीतून वाट काढीत तिकडे गेले, बराच वेळ मान तुकवून ऐकत राहिले, आणि मग ते टाळ थांबले. वाटेत सापडलेल्या वस्तू पुकारण्यात आल्या : एक चष्मा, एक कापडी पिशवी, टाळांचा एक जोड. आरती सुरू झाली. हात जोडून उभा असताना, दोन वर्षांपूर्वी फोनवर विचारायला हवे होते ते मी त्याला मनातल्या मनात विचारले : ‘फार दम लागतोय का रे?’