निरीक्षकाचा अर्धा तास

२००८ मध्ये नेपाळच्या संविधान सभेची निवडणूक झाली, तेव्हा मी एका आशियाई निरीक्षक पथकातून तिथे गेलो होतो. माझ्या वाट्याला रुपन्देही जिल्हा आला, भैरहवाच्या आसपासची गावं. तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या त्या सपाट पट्ट्यात, हिंदीवर भागतं आणि पथकात हिंदी येणारा मी एकटाच, म्हणून. निवडणूक आधी दोनदा पुढे ढकलली गेली होती, फेब्रुवारीत तराईतल्या मधेसी लोकांच्या आंदोलनाने सगळी तराई ठप्प झाली होती. त्यामुळे १० एप्रिलला, म्हणजे तिकडच्या चैत २८ ला, खरंच मतदान होणार यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. सीमा बंद, आणि रस्त्यावर पासवाल्या गाड्या सोडल्या तर शुकशुकाट.

निरीक्षकाने केंद्रावर जायचं, अर्धा तास बघायचं, फॉर्म भरायचा आणि पुढच्या केंद्राकडे निघायचं. तोंड उघडायचं नाही, कोणी नियम मोडत असला तरी.

दुपारच्या सुमारास एका शाळेतल्या केंद्रावर पोचलो. मतपत्रिका दोन होत्या, एक मतदारसंघातल्या उमेदवारासाठी, दुसरी पक्षासाठी. या दुसरीवर चिन्हांची इतकी दाटी होती की बायका ती उभी-आडवी फिरवून बघत होत्या. शिक्का स्वस्तिकाचा. शाईचा पॅड सुकत आला होता आणि मतदान अधिकारी त्यावर सारखे दोन थेंब टाकत होते. तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, हातात घरातल्या सुनांची ओळखपत्रं. ‘त्या शेतावर आहेत, मी मारतो शिक्के.’ तीन पक्षांचे प्रतिनिधी बाकावर शेजारी शेजारी बसलेले. एकानेही हरकत घेतली नाही.

अधिकाऱ्यांनी आधी माझ्या अंगातल्या निरीक्षकाच्या जॅकेटकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे. ‘काका, त्यांनाच पाठवा.’ अर्ध्या तासात दोघी डोक्यावरचा पदर सावरत आल्या, नखाला शाई लावून घेतली, शिक्का मारून गेल्या. मी फॉर्मवर ‘समाधानकारक’ला खूण केली. परदेशी निरीक्षकांचा एवढा उपयोग होतो हे मी मानतो. समोर जॅकेट असलं की माणूस नियमाला धरून वागतो.

बाहेर पिंपळाखाली एक मुलगी वही घेऊन बसली होती, स्थानिक निरीक्षक. देशभर तिच्यासारखे हजारो जण होते. ती पहाटेपासून तिथेच. म्हणाली, ‘भैया, तुमची गाडी येण्याआधी असे अकरा झाले.’ वहीत वेळा लिहिलेल्या होत्या, समोर शिक्का मारणाऱ्याचं मतदार बाईशी नातं: सासरा, दीर, सासरा, नवरा. नाव एकाचंही नाही. गावातच राहायचं आहे ना तिला. ‘मी लिहिलं तर जिल्ह्याच्या कपाटात जाईल. तुम्ही लिहिलं तर काठमांडूत वाचतील.’

ती निवडणूक नेपाळने स्वतः मिळवलेली होती, २००६ च्या राजाविरुद्धच्या जनआंदोलनातून. पक्षांच्या यादीत निम्म्या बायका असाव्यात हा कायदाही त्यांनीच केला, आणि सभेत तिसरा हिस्सा बायका निवडून आल्या. आपल्या लोकसभेत तेव्हा दहा टक्केही नव्हत्या. तिथे निरीक्षक म्हणून मिरवताना हे मला जरा टोचत होतं. माओवादी सभेत सगळ्यात मोठा पक्ष ठरतील, हे मात्र भल्याभल्या दूतावासांना ओळखता आलं नाही.

रात्री पथकाच्या बैठकीत मी अकराचा आकडा मांडला. प्रमुखांनी नियम दाखवला: निरीक्षकाने स्वतः पाहिलेलंच नोंदवायचं. नियम चुकीचा नाही, ऐकीव गोष्टींवर अहवाल उभा राहत नाही. पण दिवसभर पाहणारी ती आणि अर्धा तास पाहणारा मी, यात ऐकीव माहिती कोणाची? बरीच वादावादी झाली. शेवटी ‘तराईत काही ठिकाणी दुसऱ्याच्या वतीने मतदान झाल्याचे स्थानिक निरीक्षकांनी सांगितले’ एवढं एक वाक्य अहवालात गेलं, आकड्याशिवाय. माझ्या फॉर्मवर त्या केंद्रापुढे ‘समाधानकारक’ तसंच राहिलं.