मालवणात स्कूबा, पावाशिवाय

"ताई, पाव नको तर मगे मासे कशे येतले? व्हिडिओत काय दिसतला?"

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी नांगरली होती आणि आमच्यासोबत उतरणारा मुलगा पाव कुस्करत होता. बुकिंग करतानाच नको म्हणून सांगितलं होतं, पण तो निरोप होडीपर्यंत पोचलाच नव्हता. त्याचं म्हणणं खोटं नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर दुसऱ्याचा व्हिडिओ बघून येतं, आपल्याही तोंडाभोवती माशांचं मोहोळ हवं म्हणतं, आणि तसं नाही झालं तर वाद घालतं. त्यामुळे सगळं खापर या मुलांवर फोडण्यात अर्थ नाही. पाव आपल्यासाठी असतो, तेव्हा नको म्हणायचं ते आपणच. एकदा पैसे देताना सांगा आणि एकदा होडीत, प्रत्यक्ष जो तुम्हाला खाली नेणार आहे त्याला.

पाव टाकला की धावून येतात ते बहुतेक सार्जंट मेजर, पिवळसर पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे. धीट आणि हावरट. त्यांच्या झुंबडीत बाकीचं काही दिसत नाही, आणि खडकावरचं आपलं नेहमीचं खाणं सोडून ते माणसामागे लागतात. आम्ही पावाशिवाय उतरलो. पहिली काही मिनिटं नुसतं हिरवट पाणी आणि आपल्याच बुडबुड्यांचा आवाज. मग हालचाल थांबवली, तशी एका फटीत सापासारखी लांबट वाम दिसली. तोंड उघडत होती, मिटत होती. बघणारा दचकतो, पण ती धमकी नसते, वाम तशीच श्वास घेते. पलीकडे कपारीखाली केंड मासा होता. याला डिवचून फुगवायचा 'खेळ' काही ठिकाणी चालतो. फुगणं ही त्याची जिवावर आल्यावरची शेवटची युक्ती आहे, फोटोसाठी ती वापरायला लावणं दुष्टपणाच.

हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौ. किमी. मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिकांचा त्याला विरोध राहिला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पण गंमत बघा, मच्छीमारांच्या घरातली कितीतरी मुलं आज याच खडकांवर पर्यटकांना नेऊन पोट भरतात. खडक मेला तर दाखवायला उरणार काय?

आता पाण्यातलं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला त्याच्या पाठीवरची हवेची टाकी मागून धरून कोणीतरी नेत असतं, त्यामुळे तोल आपल्या हातात नसतो. हातपाय मात्र असतात. हात छातीशी घ्या, गुडघे टेकू नका, आणि फोटोसाठी 'इथे उभे राहा' अशी खूण झाली तर मान हलवून नाही म्हणा. पायाखाली दगड वाटतो ते बहुतेकदा जिवंत प्रवाळ असतं. त्याचे गोलसर ढिगारे वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टाचेखाली मोडलेला तुकडा तुमच्या शाळेच्या दिवसांपासूनचा असू शकतो. पाय जोरात मारले की गाळ उडून त्यावर बसतो, आणि मालवणच्या पाण्यात गाळ आधीच कमी नाही. कोणी तारामासा किंवा आणखी काही उचलून तळहातावर ठेवू लागलं तर हात मागे घ्या. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो, आपल्या बोटांनी तो पुसला जातो. कासव दिसलंच तर बाजूने बघा, वरून नको. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावं लागतं, ती वाट अडवायची नाही.

एक महत्त्वाचं: पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. आनंदात अंगठा दाखवाल आणि सहल तिथेच संपेल. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा टीशर्ट घाला, रसायन पाण्यात जात नाही आणि पाठही भाजत नाही.

कधी जावं? पावसाळ्यात सगळं बंद. दिवाळीनंतर पाणी निवळू लागतं. तारीख ठरवताना कालनिर्णय बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ढवळलेलं असतं, अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा बरंच स्वच्छ दिसतं. सकाळची पहिली होडी घ्या, दहानंतर एकाच खडकावर गर्दी उसळते. नाताळचा आठवडा तर टाळाच. रेल्वेने कुडाळला उतरून एसटी किंवा रिक्षा मिळते. ज्यांना तोल सांभाळायला नीट शिकायचंय त्यांनी तारकर्लीला एमटीडीसीच्या प्रशिक्षण केंद्रात चौकशी करावी. घाईच्या बुडीपेक्षा तो खर्च जास्त, पण टाकीला धरून कोणी नेत नाही.

परतताना जेटीजवळ कोणी पांढरं प्रवाळ किंवा वाळवलेला समुद्री घोडा विकत असेल तर घेऊ नका. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि कायदा विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही लागू होतो.