जुनी इस्टेट गाडी मागून पाहावी

वापरलेली गाडी पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिनाचा आवाज ऐकावा, ऑइलची पट्टी काढून पाहावी, धुराचा रंग पाहावा, हे सगळे योग्यच आहे. पण गाडी इस्टेट असेल, म्हणजे जिचे छप्पर शेवटपर्यंत सरळ जाते आणि जिची डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते, तर पाहणीची सुरुवात मागच्या दारापासून करावी असे माझे ठाम मत आहे. अशा गाडीने आपल्याकडे येण्यापूर्वी कोणाचे आणि कसे ओझे वाहिले, हे सगळे मागच्या भागावर उमटलेले असते आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ते अधिक खरे बोलते.

आमच्या घरी अशी वापरलेली इस्टेट गाडी आहे, आणि ती मला मनापासून आवडते. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते तिच्या कौतुकापोटीच, पण कौतुकाच्या माणसाबद्दल जितके खरे बोलावे तितकेच खरे.

मागचे दार उघडले की आधी बंपरची वरची कड पाहावी. सामान उचलून आत ढकलताना ते नेहमी तिथेच घासते. तिथे रंग खरवडलेला असणे स्वाभाविक आहे, किंबहुना दहा वर्षांच्या इस्टेटची ही कड नव्यासारखी चकचकीत दिसली तर बंपर बदलला आहे की फक्त रंगवला आहे, आणि का, हे विचारायला हवे. त्यानंतर डिकीतले गालिचे उचलावे, खालची फळी काढावी आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालावा. डोळ्यांनी पाहून भागत नाही, कारण वरचे कापड कोरडे असते आणि खालचा फेल्ट ओला असतो. बोटाला ओल लागली, गंजाची पूड लागली किंवा कोंदट वास आला, तर पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

पाणी येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या दिव्यांच्या पाठीमागचे रबर कडक होते, छपरावरच्या रेलच्या बोल्टखालची सील सुटते, दाराभोवतीची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दबून बसते. पण सगळ्यांत फसवी जागा निराळीच असते. मागच्या काचेवर पाणी मारणारी नळी पुढच्या टाकीपासून निघून गाडीच्या संपूर्ण लांबीतून, बहुतेक वेळा छपराच्या आतल्या अस्तराला लागून, मागच्या दारापर्यंत जाते. वर्षानुवर्षांनी ती एखाद्या सांध्यात निसटते, आणि मग चालक जितक्या वेळा कळ दाबतो तितक्या वेळा पाणी काचेऐवजी अस्तरात आणि तिथून खाली डिकीत झिरपते. म्हणून पाहणीच्या वेळी ती कळ मुद्दाम दाबून पाहावी. मोटरचा आवाज येत असेल आणि काच कोरडीच राहत असेल, तर एक तर तोटी तुंबली आहे किंवा पाणी दुसरीकडे कुठे तरी जात आहे.

दाराच्या बिजागरीपाशी, गाडीचे शरीर आणि दार यांच्यामध्ये, सुरळीसारख्या वळ्या असलेली एक रबरी नळी असते. तिच्यातून मागच्या वायपरच्या, नंबर प्लेटच्या दिव्याच्या, कुलपाच्या आणि काच तापवणाऱ्या तारा जातात. दार उघडताना आणि मिटताना त्या प्रत्येक वेळी वाकतात. इस्टेट गाडीचे मागचे दार कुटुंबात दिवसातून कितीदा उघडते याचा विचार केला, तर त्या तारा टिकतात याचेच आश्चर्य वाटावे. आमच्या गाडीत आधी नंबर प्लेटचा दिवा गेला. बल्ब बदलला, फ्यूज तपासला, तरी तो कधी लागे, कधी लागत नसे. पुढे वायपर अर्ध्यात थांबू लागला आणि एके दिवशी कुलूप उघडेना. मेकॅनिकने ती रबरी नळी मागे सारली तेव्हा एका जागी तारांचे आवरण पूर्ण तडकून आतले तांबे उघडे पडलेले दिसले. त्याने नुसती टेप गुंडाळली नाही, तर तेवढा तुकडा कापून तिथे वाकण्यास लवचीक, सिलिकॉनचे आवरण असलेल्या तारा जोडल्या, आणि सांधे वळणाच्या बाहेर दोन्ही बाजूंना ठेवले. हे काम असेच करायचे असते. वाकणाऱ्या जागीच सांधा ठेवला तर तो पुन्हा तुटणार हे निश्चित.

दाराला उचलून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गॅसच्या दांड्यांबद्दल थोडक्यात सांगते. थंडीत आतल्या वायूचा दाब कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात ठीक वाटणारे दार हिवाळ्यात डोक्यावर येते. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदलाव्या, म्हणजे दार एका बाजूला पिळले जात नाही.

मग गाडी सपाट जागी रिकामी उभी करून बाजूने, थोडे लांबून पाहावी. तिची पाठ बसलेली दिसते का? चाक आणि त्यावरची कमान यांतले अंतर मागे पुढच्यापेक्षा फारच कमी आहे का? स्प्रिंगा थकल्याची ही खूण. काही इस्टेट गाड्यांत ओझे भरल्यावर मागची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा असते. मर्सिडीझने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या आपल्या इस्टेटमध्ये ती मुळातच दिली होती. काही कंपन्यांनी पुढे शॉक ॲब्सॉर्बरच असे वापरले की जे रस्त्याच्या हादऱ्यांतून स्वतःच पंपासारखे काम करून मागची बाजू हळूहळू वर आणतात. हे शॉक ॲब्सॉर्बर साध्यांपेक्षा बरेच महाग असतात, आणि इथेच जुनी गाडी घेणाऱ्याने सावध राहायला हवे. आधीच्या मालकाने खर्च वाचवण्यासाठी त्यांच्या जागी साधे बसवले आणि स्प्रिंगा मात्र त्याच ठेवल्या, तर पाठ बसणारच, कारण त्या यंत्रणेच्या भरवशावर मूळ स्प्रिंगा मऊ ठेवलेल्या असतात.

इतक्या कटकटी असताना ही गाडी का घ्यावी? माझे उत्तर मागच्या सीटच्या पाठीत आहे. ती साठ आणि चाळीस अशा दोन भागांत आडवी होते, आणि या एका सोयीने घरातली कितीतरी कामे सोपी होतात. सासऱ्यांची चाकांची खुर्ची अर्धवट घडी करून चाळीसच्या बाजूने आत सरकते आणि साठच्या बाजूला दोन माणसे नीट बसतात. डिकीची कड गुडघ्याच्या थोडी वर असल्यामुळे ती खुर्ची एकटीला उचलता येते. उंच एसयूव्हीत हेच वजन आधी कमरेच्या वर न्यावे लागते. सीट पुन्हा उभी करताना मात्र बेल्ट बाजूला धरायचा असतो, नाही तर तो पाठीच्या आणि कडीच्या मध्ये अडकतो आणि कडी पूर्ण बसत नाही. आमच्या मुलीला हे इतके अंगवळणी पडले आहे की ती पाठ उभी केल्यावर एकदा स्वतःकडे ओढून पाहते, मगच दार लावते. ही सवय प्रत्येक इस्टेटवाल्या घरात असावी.

जागेच्या आकड्यांविषयीही सांगायला हवे, कारण त्यांवरून लोकांची दिशाभूल होते. युरोपात डिकीची जागा मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. तिच्यात २० सेंटीमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच असे, म्हणजे बरोबर एक लिटरचे, ठोकळे आत रचून ते मोजतात. पण हे ठोकळे खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत रचले की छपरापर्यंत, यावर आकडा फार बदलतो. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा पहिला आणि दुसरीचा दुसरा आकडा समोर धरला तर निष्कर्ष चुकतो. माझ्या मते लिटरपेक्षा दोन मापे महत्त्वाची असतात: चाकांच्या कमानींमधली रुंदी आणि सीट आडवी केल्यावर मिळणारी सपाट लांबी. मोजपट्टी सोबत न्यावी आणि स्वतः मोजावे.

छपरापर्यंत जागा आहे म्हणून छपरापर्यंत भरू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे. सेडानमध्ये सामान पत्र्याआड असते, इथे ते मुलांच्या डोक्यामागे असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू गाडी अचानक थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते, आणि हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा असतो. अवजारांची पेटी तिसऱ्या मजल्यावरून मुलाच्या मानेवर पडावी असे कोणाला वाटेल? म्हणून जड वस्तू सर्वांत खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवावी, तळाच्या कड्यांना पट्ट्याने बांधावी, आणि खिडकीच्या वर सामान जात असेल तर सीट आणि छप्पर यांच्यामधली जाळी लावावी. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा निराळी लागते. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. हेडलाइट खाली करण्याची चकती असेल तर तीही फिरवावी, कारण मागे ओझे आले की पुढचे दिवे वर होतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

दोन गोष्टी मात्र स्वीकाराव्याच लागतात. मागची काच लवकर मळते. सरळ कापल्यासारख्या शेपटीमागे हवेचा दाब कमी होतो, भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेली धूळ व चिखल ते वर ओढून काचेवर बसवतात. मागच्या वायपरचे पाते म्हणूनच चांगले ठेवावे. दुसरी गोष्ट आवाजाची. मागच्या चाकांचा आणि सस्पेन्शनचा घरघराट थेट आत येतो. डिकीचे आवरण ओढून घेतले आणि खालचे फेल्ट जागेवर असले की तो बराच कमी होतो. जुन्या गाडीत आवाज प्रमाणाबाहेर वाटला तर आधी मागच्या चाकांच्या बेअरिंग आणि टायरची झीज पाहावी.

इंजिनाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तिथे इस्टेट आणि सेडान यांत फरक नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, केव्हा बदलला याचा कागद मागावा. किलोमीटर कमी असले तरी वर्षे भरली की तो बदलायचाच असतो. डिझेल गाडी असेल तर ती महामार्गावर चाललेली असणे मी पसंत करते, कारण सतत जवळच्याच फेऱ्या मारल्या की इंजिन पुरते तापत नाही आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावे: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

अशा गाड्या आता कमी बनतात, याचे मला वाईट वाटते. उंच एसयूव्ही लोकांना अधिक आवडतात, आणि उंच बसण्याचे सुख मला समजते. परंतु इस्टेटमध्ये तेवढेच सामान बुटक्या छपराखाली मावते. त्यामुळे वजन खाली राहते, वळणावर गाडी कमी झुकते, हवा कमी अडते आणि इंधनही कमी लागते. या गाड्यांचा इतिहासही गरजेतून घडलेला आहे. व्होल्वोने १९५३ मध्ये आणलेली ड्युएट ही कामाच्या दिवशी माल नेणारी आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंब नेणारी अशीच गाडी होती. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूमधल्या माक्स राइसबॉक या तंत्रज्ञाला कंपनीची सेडान आपल्या बायकामुलांना आणि सामानाला पुरेना, तेव्हा त्याने एक अपघातग्रस्त गाडी घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये तिचे छप्पर मागपर्यंत वाढवून स्वतःसाठी इस्टेट बनवली. वरिष्ठांना ती इतकी पटली की १९८७ मध्ये कंपनीने तशी गाडी बाजारात आणली.

कमी बनतात म्हणूनच वापरलेली घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंजिनाचे, ब्रेकचे आणि पुढच्या दारांचे भाग सेडानचेच असतात, ते मिळत राहतात. परंतु मागची काच, मागच्या दाराची पट्टी, डिकीवर ओढायचे गुंडाळीचे आवरण आणि ती सामान अडवणारी जाळी हे फक्त इस्टेटचे भाग असतात आणि बाजारातून तेच आधी नाहीसे होतात. आवरण आणि जाळी तर मालक सामान भरताना काढून घरात कुठे तरी ठेवतात आणि गाडी विकताना विसरतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी त्या दोन्ही वस्तू मागून घ्याव्या, आवरण पूर्ण ओढून ते स्वतःहून परत गुंडाळले जाते का हे पाहावे, आणि जाळीचे आकडे छपरातल्या खाचांत बसवून एकदा जोराने खेचून पाहावे.