सेकंडहॅंड गाडी पाहायची ती थंड असतानाच : माझा अनुभव

वापरलेली गाडी पाहायला जाण्याआधी मी मालकाला एकच विनंती करतो: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. पत्रा गरम लागला तर त्या दिवशी फक्त बाहेरून पाहून घेतो आणि इंजिनासाठी पुन्हा सकाळी येतो. इंजिनाची कितीतरी दुखणी थंड असतानाच ऐकू येतात. एकदा तेल सगळीकडे फिरलं की खडखड दबते आणि गाडी धडधाकट वाटू लागते.

किल्लीला हात लावण्याआधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पाहतो. झाकण थंडपणीच उघडायचं, गरम असताना उकळतं पाणी थेट अंगावर येतं. रंग कुठलाही असो, कूलंट स्वच्छ हवं. तेलाचा तवंग किंवा गंजाचा गाळ नको. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल पाहायची पट्टी. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लगेचच काळं होतं. घाबरायचं ते दुधाळ तेलाला. तेल भरायच्या झाकणाखाली नुसता पांढरट थर असेल, तर रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानेही धरतो. पण डिपस्टिकवरही तेल दुधाळ आणि कूलंट कमी, असं दोन्ही दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील, गेलं असं धरून चाला.

आता किल्ली फक्त ऑन करायची. इंजिन, ऑइल, एबीएस, एअरबॅग हे दिवे लागलेच पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बिघाड लपवायला तो काढलेला असू शकतो. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपोआप विझतो. इंजिन सुरू होताच तो ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर त्याची वायर त्या दिव्याला जोडली आहे का, हे पाहून घ्यावं.

इंजिन सुरू करताना मी सायलेन्सरपाशी उभा राहतो, किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. थंड हवेत थोडी पांढरी वाफ येते आणि विरते, ते ठीक. सुरू होताना निळ्या धुराचा एकच भपका आला तर बहुधा वॉल्व्ह सील झिजलेत. जोर दिल्यावर सतत निळा धूर आला तर पिस्टन रिंग, म्हणजे मोठा खर्च. गोडसर वासाचा, न विरणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मी नेहमी सोबत ठेवतो. नुसते फॉल्ट कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही नव्याने सुरू होतात, आणि स्कॅनरवर त्या ‘नॉट रेडी’ दिसतात. बऱ्याच तपासण्या अपुऱ्या असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. पट्टा धुतला तरी रोज बाहेर येणारा भागच धुतला जातो. गुंडाळीच्या टोकाशी मळकट आडवी रेघ किंवा वाळलेला चिखल सापडतो. त्याच बैठकीत सीटच्या रुळांखालचे बोल्ट आणि डिकीत स्टेपनीचा खड्डा पाहून घ्यावा. अशी गाडी मी स्वस्तातही घेत नाही, कारण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन् महिने एकेक बिघाड काढत राहतो.

अपघातासाठी रंगाची जाडी मोजायचं मीटर उपयोगी. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. 300 च्या पुढे आकडा गेला की पुन्हा रंगकाम झालंय, 1000 च्या पुढे पुट्टी. एखादं दार रंगवलेलं असणं मोठी गोष्ट नाही. पण बॉनेट उघडल्यावर पुढच्या चासिसच्या दांड्यांवर सुरकुती, किंवा दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगमध्ये फरक दिसला तर तिथेच थांबतो. फेंडरच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा असतील तर पत्रा का उघडला होता, हे विचारायचंच.

टायरच्या बाजूला तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनकडे बोट दाखवतो.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो. आरपीएम चढले पण वेग वाढत नाही, तर क्लच स्लिप होतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवलं की टकटक ऐकू आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, संपत आलाय. ब्रेक दाबताना पेडल थरथरलं तर डिस्क तपासायला हवी. टायमिंग बेल्ट (इंजिनातले वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो बदलल्याचं बिल मागतो, तोंडी हमी चालत नाही. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात.

परत आल्यावर इंजिनाखाली पुठ्ठा पसरून गाडी दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे जागेवरच चालू, ठेवतो आणि एसी लावतो. पंखा वेळेवर सुरू होतो का, तापमानाचा काटा स्थिर राहतो का, हे तेवढ्यात कळतं. तोवर चासिस नंबर कागदांशी अक्षर-अक्षर ताडून घेतो. मग पुठ्ठा बाहेर ओढतो: पारदर्शक थेंब एसीच्या पाण्याचे, तपकिरी तेलाचे, लाल असले तर गिअरबॉक्सचे किंवा स्टिअरिंगचे. पाण्याशिवाय दुसरं काही सापडलं तर गळती नेमकी कुठून आहे हे रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय मी भावाचं बोलतच नाही.