भरपाई मिळाली का?

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले की त्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या रणभूमी फिरवून दाखवायचं काम मी करतो. बहुतेकांनी गेटिसबर्गचं नाव ऐकलेलं असतं. मी आवर्जून मेरीलँडमधलं अँटिएटम सुचवतो. तिथे गर्दी कमी, आणि शेतं अजून शेतंच राहिली आहेत. 17 सप्टेंबर 1862 या एका दिवसात शार्प्सबर्ग गावाबाहेरच्या या शेतांत, सरकारची उत्तर आणि बंड केलेली दक्षिण अशा दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23 हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. एका दिवसातली इतकी भीषण लढाई अमेरिकेच्या भूमीवर दुसरी झाली नाही.

त्या शनिवारी गाडीत वाळवा तालुक्यातले एक ऊसवाले तात्या होते, सोबत अक्का, लेक आणि शाळेत जाणारी नात. सकाळी आम्ही मिलरच्या मक्याच्या शेताकडे गेलो. उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल हूकरच्या तुकड्यांनी इथूनच हल्ला सुरू केला होता. रणभूमी जपणारं राष्ट्रीय पार्क ही जमीन शेतकऱ्यांना कसायला देतं, त्यामुळे मका आजही उभा असतो. माझी नेहमीची सुरुवात ठरलेली आहे: दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य कुठे, उत्तरेच्या जनरल मॅक्लेलनचं कुठे, तोफा कुठल्या उंचवट्यावर. मी हात करून दाखवत होतो आणि तात्या बांधावर वाकले होते. त्यांनी कणीस न तोडता त्याची पानं जराशी बाजूला केली आणि एका दाण्यावर नख दाबून पाहिलं.

"भरलाय दाणा. तवाबी सप्टेंबरच हुता म्हणजे पीक काढणीलाच आलं असणार की."

अगदी तसंच होतं. मका डोक्याच्या वर गेला होता आणि आत दबा धरून बसलेले दक्षिणेचे सैनिक दिसत नव्हते. हूकरला दिसली ती कणसांच्या वर उन्हात चमकणारी संगिनींची टोकं. त्याने तोफा लावल्या. शेताच्या बऱ्याच भागातलं एकूण एक ताट सुरीने कापावं तसं बुडापासून कापलं गेलं, असं त्याने आपल्या अहवालात लिहिलं आहे. टेक्सासच्या एका रेजिमेंटचे दर पाचातले चार सैनिक इथे पडले.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेत मिलरचं म्हणालासा. मग त्याला भरपाई मिळाली का?"

इतक्या लोकांना मी हे शेत दाखवलं, पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला. लोक सेनापतींबद्दल विचारतात, तोफांचा पल्ला विचारतात. तात्यांना पिकाचं काय झालं ते हवं होतं. मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला, कारण भरपाईची कागदपत्रं मी हौसेने वाचली आहेत आणि ती सांगायची वेळ कधी आली नव्हती.

भरपाईचा कायदा 1864 चा. उत्तरेच्या सैन्याने घेतलेलं धान्य, वैरण, जनावरं, चुलीत जाळलेली कुंपणाची लाकडं यांचे पैसे मागता येत. पण गोळ्यांनी जे उद्ध्वस्त झालं ते युद्धाचं नुकसान, त्याचे पैसे नाहीत. शिवाय आपण सरकारशी एकनिष्ठ होतो हे शेतकऱ्यालाच साक्षीदार आणून सिद्ध करावं लागे.

"म्हंजे पंचनामाच," तात्या म्हणाले. "आन् तोबी आपणच करून द्यायचा."

तिथून पुढे दिवस माझ्या ठरलेल्या क्रमाने गेलाच नाही. आम्ही शेतं बघत फिरलो. नांगरटीबद्दल त्यांनी विचारलं, हाडं लागत असतील ना? लागायची. उत्तरेच्या 4,776 सैनिकांना गावाजवळच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली. दक्षिणेचे बरेचसे उथळ खड्ड्यांतच राहिले आणि पुढे 1870 च्या दशकात हेगर्सटाउनला हलवले गेले. 2008 साली याच मक्यात एका प्राण्याने उकरलेल्या बिळाच्या तोंडाशी एका पर्यटकाला हाडं सापडली. गुंड्यांवरून तो न्यूयॉर्कचा पोरगेलासा सैनिक निघाला. नाव कळलं नाही.

रक्तरंजित गल्ली म्हणून आज प्रसिद्ध असलेली वाट तात्यांनी लांबूनच ओळखली. "ही गाडीवाट. चाकांनी खोल गेलीया." खरंच, धान्याच्या गाड्या गिरणीकडे नेऊन नेऊन ती खचली होती, म्हणून तर दक्षिणेच्या सैनिकांना ती आयता खंदक म्हणून सापडली. तीनेक तासांत या वाटेच्या आसपास साडेपाच हजार माणसं पडली.

तिच्याच शेजारी विल्यम रूलेटचं शेत. तिथे तोफगोळ्यांनी मधमाश्यांच्या पेट्या उलटल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या नवख्या रेजिमेंटवर माश्या तुटून पडल्या. नातीला ती गोष्ट आवडली. रूलेटची वीस महिन्यांची मुलगी कॅरी मे त्याच ऑक्टोबरात टायफॉइडने गेली, हे मी अक्कांना हळूच वेगळं सांगितलं. लढाई एक दिवसाची, पण सैन्य आणि रुग्ण गावात कितीतरी आठवडे होते. आजार तिथून पसरले.

मुमा कुटुंबाच्या घराशी तात्या सगळ्यात जास्त रेंगाळले. मुमा डंकर पंथाचे, युद्ध मुळातच न मानणारे. रणभूमीच्या मधोमध उभ्या असलेल्या पांढऱ्या प्रार्थनाघराची जमीन त्यांनीच दिलेली. लढाईच्या सकाळी दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांचं घर आणि कोठार पेटवलं, शत्रूचे नेमबाज आत बसू नयेत म्हणून. मुमांनी भरपाई मागितली तेव्हा सरकारने ती नाकारली: आग शत्रूने लावली, आम्ही नाही. 1863 मध्ये त्यांनी घर पुन्हा उभं केलं. माझ्या मते या रणभूमीवरची सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट हीच आहे, आणि पाटीवर ती दोन ओळींत उरकते.

परतताना गाडीत लिंकनचा विषय निघाला. लढाईनंतर पाचच दिवसांनी, 22 सप्टेंबरला, त्याने गुलामांच्या मुक्तीची प्राथमिक घोषणा केली. या लढाईचं मोठेपण तेच मानलं जातं. तात्यांनी मागच्या सीटवरून विचारलं, "आन् ह्या शेतांत राबायला कोण हुतं?"

मी त्यांना नॅन्सी कॅम्पबेलबद्दल सांगितलं. 1859 साली गुलामीतून सुटलेली ही कृष्णवर्णीय बाई रूलेटांच्या घरी कामाला होती. पण आसपास अजून गुलाम असलेली माणसंही होती. मुक्तीची घोषणा लागू होती ती बंड केलेल्या राज्यांना, आणि मेरीलँड बंडात नव्हतं. ज्या मातीवरच्या लढाईने ती घोषणा शक्य केली, तिथल्या गुलामांना ती सोडवू शकली नाही. त्यांना 1 नोव्हेंबर 1864 पर्यंत थांबावं लागलं, राज्याची नवी घटना येईपर्यंत.

"त्यांनी भरपाई कुणाकडं मागायची?" नातीने विचारलं. वाटेतलं फ्रेडरिक शहर येईपर्यंत आम्ही सगळे त्यावरच बोलत होतो.